आकाशात शेजाऱ्याजवळ जाताना



पुण्याच्या शीतल महाजन हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर असेल. २००४ साली त्यांनी उत्तर ध्रुवावर पॅराशूटनं उडी घेतली, २००६ साली अंटार्क्टिकावर. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८च्या फेब्रुवारीत थायलंडमधल्या पट्टायाला नऊवारी नेसून त्या विमानातून झेपावल्या. विंगसूट घालूनही त्यांनी उड्या घेतल्या आहेत. आज त्या विंगसूटबद्दलच बोलायचं आहे. तेही एकट्यानं उडण्याबद्दल नाही, तर चार-सहा जणांनी मिळून, एकमेकांच्या जवळ जाऊन उडण्याबद्दल.

विंगसूट म्हणजे अंगभर घालायचा एक पोशाख. दंड आणि बरगड्यांच्या मध्ये, तसंच दोन्ही पायांच्या मध्ये त्याला दुहेरी कापड असतं. पुढच्या फटींतून वारा आत शिरतो, कापड फुगून ताठ होतं आणि माणसाला पंख येतात. साध्या उडीत पॅराशूट उघडेपर्यंत माणूस ताशी १९०-२०० किलोमीटर वेगानं खाली येतो. विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली उतरतो, आणि पुढं जाण्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. आपल्या माजलगावच्या डोक्यावर चार किलोमीटर उंचीवर कुणी असा बाहेर पडला, तर सिंदफणेवरच्या धरणाचं पाणी खाली बघत तो सहज सहा किलोमीटर पुढं जाईल आणि तरीही पॅराशूट उघडायला पुरेशी उंची त्याच्या हाताशी राहील.

मोबाइलवर अशा उड्डाणांची चित्रफीत बघताना वाटतं, किती निवांत चाललंय. दोघं शेजारी येतात, हाताला हात लावतात. हा निवांतपणा कुठून येतो, ते समजून घेऊ. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यानं चाललेला असतो. मोटारसायकल त्याच्याच वेगानं शेजारून चालली, तर दोन्ही चालक चालता चालता गप्पा मारतील. तीच गाडी मागून दुप्पट वेगानं आली, तर काय होतं, ते आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. आकाशातही महत्त्व असतं ते दोघांच्या वेगातल्या फरकाला. दोघंही दीडशेनं चालले असतील तर एकमेकांसाठी ते जागच्या जागी उभे आहेत. मागच्याचा वेग फक्त वीस किलोमीटरनं जास्त असला, तरी पन्नास मीटरचं अंतर नऊ सेकंदांत संपतं. आणि हवेत ब्रेक नसतो. छाती थोडी उचलायची, गुडघे किंचित वाकवायचे, म्हणजे वेग हळूहळू उतरतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो लांबूनच उतरवायला लागतो.

घोटाळा होतो तो उंचीमुळे. विमानातून शेवटी निघालेला माणूस बाकीच्यांच्या वर आणि मागं राहतो. आपण मागं पडलो, या घाईत तो हात मागं घेऊन नाक खाली करतो आणि सूर मारतो. वेग भराभर वाढतो, घोळका एकाएकी मोठा दिसायला लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. उतावळेपणाला इथं माफी नाही. शहाणा उडणारा माणसाच्या रोखानं कधीच जात नाही. तो बाजूच्या मोकळ्या जागेचा रोख धरतो, म्हणजे अंदाज चुकलाच तर शेजारून निघून जाता येतं. घोळक्याच्या उंचीला येऊन, थोडं मागं आणि बाजूला तो आधी स्थिरावतो. म्होरक्याला आपण दिसलो याची खात्री करतो आणि शेवटचे काही मीटर अगदी सावकाश, कडेकडेनं सरकतो. म्होरक्यानं सरळ आणि एकसारखं उडायचं, अचानक वळायचं नाही, ही दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची.

एक जागा मात्र कटाक्षानं टाळायची, ती म्हणजे दुसऱ्याच्या पाठीच्या वरची. अंगावरून गेलेली हवा तिथं घुसळलेली असते. या खेळातले लोक तिला बर्बल म्हणतात. त्या हवेत पंखांना आधार मिळत नाही. वरचा माणूस धपकन खालच्यावर पडतो, आणि खालच्याला तो येताना दिसलेलाही नसतो.

सुटं होणंही असंच शिस्तीचं. आधी ठरलेल्या उंचीला म्होरक्या खूण करतो. कडेचे आधी, हळूहळू बाहेरच्या बाजूला वळतात, मधले सरळ राहतात. पॅराशूट उघडण्यापूर्वी प्रत्येकानं वर-खाली, आजूबाजूला बघून इशारा द्यायचा, कारण उघडताच तो एकदम मंदावतो आणि मागचा त्याच्यावर येऊ शकतो. ठरावीक उंचीला राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र पाठीवर असतंच की, असं कुणी म्हणेल. पण ते यंत्र साधारणपणे सेकंदाला ३५ मीटर एवढ्या वेगानं पडणाऱ्यासाठी असतं. विंगसूटवाला त्याहून सावकाश उतरतो, म्हणून ते त्याच्यासाठी चालू होईलच असं नाही. त्यानं स्वतःवरच भिस्त ठेवायला हवी.

आणि शेजारी फक्त माणूसच असतो असं नाही. २०१८च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये एका विंगसूटवाल्याला तो ज्या विमानातून उतरला होता त्याच विमानाचा पंख लागला आणि तो गेला. कोण कुठल्या दिशेनं जाणार, हे वैमानिकासकट सगळ्यांनी जमिनीवरच ठरवायचं असतं. २०१२ साली कॅलिफोर्नियात १०० जण एका रचनेत उडाले, ते अशाच तयारीच्या जोरावर. प्रत्येकाला आपली जागा आणि तिथं पोचायची वाट आधीच पाठ होती. मला त्यांच्या धाडसापेक्षा ही शिस्त मोठी वाटते.

माजलगाव, गेवराई, परळीकडच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला हे करावंसं वाटलं, तर आई-वडिलांनो, नुसतं नको म्हणून विषय मिटवू नका. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार विंगसूटच्या पहिल्या उडीआधी किमान २०० साध्या उड्या झालेल्या असाव्या लागतात. हा नियम पाळणाऱ्या प्रशिक्षकाकडेच त्यांना पाठवा, आणि त्याआधीच विंगसूट अंगावर चढवू असं सांगणाऱ्याच्या दारातही त्यांना उभं राहू देऊ नका.