भाकरी बघून येत नाही

वेळ थोडा आहे, म्हणून थेट अमेरिकेतल्या सिॲटलला जाऊ. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्कॉट फ्रीमन जीवशास्त्र शिकवत. कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना कसं शिकवावं, यामागे त्यांनी वर्षानुवर्षं घालवली. वर्गात कधी ७०० मुलं असत. पुन्हा सांगते, ७००. ‘वर्ग मोठा आहे हो’ म्हणणाऱ्या माझ्या शिक्षकमित्रांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जीवशास्त्राचं जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलेल्या या माणसाने वर्गात स्वतःचं बोलणं आवरतं घेतलं. मुलांनी धडा वाचून, छोटी चाचणी देऊनच तासाला यायचं. तासाला प्रश्न, शेजाऱ्याशी बोलून उत्तर द्यायचं. दर आठवड्याला सराव परीक्षा.

शिकणं भाकरी थापण्यासारखंच असतं. आई भाकरी थापते ते आपण लहानपणापासून बघतो. बघून येते का? परातीत हात घातला की पीठ बोटांना चिकटतं, कड फाटते. पिठाला विरी आहे की नाही ते हातालाच कळतं. आणि ‘पाणी जास्त झालं गं’ हे आई तिथल्या तिथे सांगते, वर्ष संपल्यावर नाही.

माझ्या वर्गात मी वर्षानुवर्षं रंगीत खडूंनी पेशीविभाजन काढत आले. मुली वहीत सुरेख उतरवून घेत. मग परीक्षेत विचारावं, ४६ गुणसूत्रांच्या पेशीचं सूत्री विभाजन झालं, तर नव्या प्रत्येक पेशीत किती? कितीतरी जणी २३ लिहीत. भाकरी मी थापत होते, त्या बघत होत्या. आता तोच प्रश्न तासाच्या सुरुवातीला विचारते आणि गप्प बसते. चुका तिथेच वर येतात, दुरुस्तही तिथेच होतात.

फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास. मुलांना करायला लावलं तिथे २१.८. म्हणजे शंभरामागे बारा मुलं! कुणाच्या तरी घरातली बारा मुलं.

त्याआधी २०११मध्ये त्यांच्याच जीवशास्त्राच्या वर्गावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अशा रोजच्या सरावाने, बिकट परिस्थितीतून आलेल्या मुलांचं इतरांपेक्षा मागे असणं ४५ टक्क्यांनी कमी झालं. हे निसटू देऊ नका. हुशार मूल कसंही शिकतं. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याला परातीत हात घालू देणारी जागा वर्ग हीच. म्हणून विनवते, उद्याच्या तासाला एक तरी प्रश्न विचारा आणि दोन मिनिटं थांबा. वर्ग मोठा असला तरी. तिथे ७०० होते.

वेळ संपल्याची खूण झाली आहे. तेवढं पेशीविभाजनाच्या प्रश्नाचं उत्तर सांगते, ४६. २३ का नाही, ते घरातल्या कॉलेजकुमाराला आज जेवताना विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.