उतारवयातील संसार आणि गृहस्थाचा धम्म
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



 

दरवर्षी या मंचावरून आपण प्रतीत्यसमुत्पाद ऐकतो, अष्टांगिक मार्ग ऐकतो. आजचा माझा विषय त्यामानाने फार लहान आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं रोजचं जगणं, एवढाच. त्यात रुसवेफुगवे आहेत, चहाच्या कपावरून होणारी कुरबूर आहे, आणि नातवंडाच्या एका हाकेने होणारा आनंदही आहे. कोणी म्हणेल, यात धम्म कुठे आला? मी म्हणते, धम्म जर आपल्या स्वयंपाकघरात आणि ओट्यावर दिसला नाही, तर विहारात दिसून काय उपयोग?

आपल्या वस्तीत आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेली माणसं पुष्कळ आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बापाच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेचा सोहळा पाहिलेली मुलं आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली. कोणी गिरणीत काम केलं, कोणी पालिकेत, कोणी बांधकामावर विटा वाहिल्या. यांनीच पाचपाच रुपये वर्गणी काढून आपल्या विहाराची पहिली भिंत उभी केली. आणि आता हीच माणसं संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसलेली दिसतात. मी विचारते, "काका, घरी नाही का गेलात?" तर म्हणतात, "घरी पोरांचा अभ्यास चाललाय, मुलगा दमून आलाय. आपली अडचण कशाला?"

बंधू-भगिनींनो, 'आपली अडचण कशाला' हे शब्द माझ्या मनाला लागतात. ज्याने घर बांधलं त्यालाच घरात आपली अडचण वाटावी, यासारखं दुःख नाही. आणि हे दुःख कोणी मुद्दाम देतं असंही नाही. दोन खोल्यांत सहा माणसं. सकाळी मोरीसाठी रांग. नोकरीवाल्यांना घाई, शाळेच्या पोरांना घाई, आणि आजोबा आत गेले की अर्धा तास बाहेर येत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी तरी काय करावं? ऐकू कमी येतं म्हणून आजी टीव्हीचा आवाज वाढवते, नातू कमी करतो. चष्मा कपाळावर असतो आणि सगळं घर चष्मा शोधत असतं. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलेलं असतं, आणि नेमका त्याच दिवशी शेजारी सुकट भाजल्याचा वास येतो! (हशा) हसताय, म्हणजे तुमच्याही घरी हेच आहे.

आणखी एक सांगते, पुरुषमंडळींनी रागावू नये. माणूस निवृत्त झाला की त्याला करायला काम उरत नाही. मग तो स्वयंपाकघराची तपासणी सुरू करतो. डाळीच्या डब्याचं झाकण उघडतो, "तेल एवढं कसं संपलं?" विचारतो. चाळीस वर्षं जिने हे घर चालवलं, तिला हिशेब शिकवतो. नवऱ्याला निवृत्ती आहे, बाईला मात्र निवृत्ती नाही. हात थरथरायला लागले तरी तिच्या हातातलं लाटणं सुटत नाही. तेव्हा दादांनो, झाकण उघडायचंच असेल तर भाजीही निवडायला घ्या.

आता तथागतांनी याबद्दल काय सांगितलं ते पाहू. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी आंघोळ करून ओलेत्याने सहा दिशांना हात जोडायचा. बापाने मरताना सांगितलं होतं म्हणून करायचा. तथागतांनी त्याला समजावलं की, दिशांना हात जोडून काही होत नाही. या दिशा म्हणजे तुझ्या भोवतीची माणसं आहेत. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. दक्षिण म्हणजे गुरुजन. पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुलं. उत्तर म्हणजे मित्र. खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारे कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. या सुत्ताला गृहस्थाचा विनय म्हणतात. यात प्रत्येक दिशेला कर्तव्यं दोन्ही बाजूंनी आहेत. मुलांची पाच, तर आईवडिलांचीही पाच.

मुलांचं पहिलंच कर्तव्य काय? यांनी माझं पोषण केलं, आता मी यांचं पोषण करीन. आपण हे पुष्कळदा ऐकतो. पण आईवडिलांची पाच कोणी मोजत नाही. वाईटापासून आवरणं, चांगल्याला लावणं, कामधंदा शिकवणं, योग्य ठिकाणी लग्न लावून देणं, आणि पाचवं, योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती सोपवणं. या पाचव्याकडे म्हाताऱ्या माणसांनी नीट लक्ष द्यावं. वारसा म्हणजे नुसती खोली आणि पासबुक नाही. घर चालवण्याचा हक्कही वारसाच आहे. सुनेला घरात येऊन पंधरा वर्षं झाली तरी कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या हे सासूच ठरवणार असेल, तर तो वारसा सोपवला असं कसं म्हणायचं? सोपवलं की मन हलकं होतं. आणि गंमत अशी की, एकदा सोपवलं की तीच सून विचारायला येते, "आई, पुरणाला गूळ किती घालू?" हा मान मागून मिळत नाही, सोडून मिळतो.

पण इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. आपल्याच भागातल्या एका आजोबांनी राहती खोली मुलाच्या नावावर केली. आठ महिन्यांत त्यांची खाट गॅलरीत आली. पावसाळ्यात वर प्लास्टिक बांधलं. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते की, २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला. साठ वर्षांवरच्या आईवडिलांना स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर ते प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. त्या कायद्यात महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च ठरवून देता येतो. आणि बक्षीसपत्र करताना 'माझा सांभाळ करावा' ही अट घातलेली असेल आणि ती मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द ठरवता येतं. म्हणून प्रेमाने द्या, जरूर द्या, पण कागदावर ती एक ओळ लिहून घ्या. ज्यांनी आपल्याला संविधान दिलं त्यांची आपण लेकरं आहोत. कागदाचं महत्त्व आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

कायद्याच्या अगोदर मात्र समाज असतो. संयुत्तनिकायात एका श्रीमंत ब्राह्मणाची गोष्ट आहे. फाटकं पांघरूण घेऊन तो श्रावस्तीला तथागतांकडे आला. तथागतांनी विचारलं, ही दशा कशाने झाली? तो म्हणाला, मला चार मुलगे आहेत. बायकांच्या संगनमताने त्यांनी मला घराबाहेर काढलं. तथागतांनी मुलांना शाप दिला नाही. 'तुझं पूर्वजन्मीचं कर्म' असंही म्हटलं नाही. त्यांनी म्हाताऱ्याला काही गाथा शिकवल्या आणि सांगितलं, सभा भरलेली असेल, तुझे मुलगे तिथे बसलेले असतील, तेव्हा उभं राहून या म्हण. त्या गाथांचा भावार्थ असा, की असल्या मुलांपेक्षा हातातली काठी बरी. ती निदान कुत्र्याला हाकलते, अंधारात वाट दाखवते. भर सभेत हे ऐकून मुलं खजील झाली. बापाला घरी नेलं, आंघोळ घातली, प्रत्येकाने वस्त्रांची जोडी दिली.

या गोष्टीत सुनांच्या माथी दोष मारलेला आहे, तो म्हाताऱ्याच्या तोंडचा आहे. आजही तेच ऐकू येतं, "सून आली आणि मुलगा बदलला." माझा साधा प्रश्न आहे. बापाला बाहेर काढताना मुलाचे हातपाय कोणी बांधले होते का? ज्या आईने मुलाला ताटावरून कधी उठू दिलं नाही, त्या आईचं दुखणं मात्र सुनेने एकटीने काढायचं, हा कुठला न्याय? आईचे पाय चेपायला मुलाचे हात चालतात. बापाला दवाखान्यात न्यायला मुलाला सुट्टी मिळते. लेकींनाही हे कर्तव्य आहे. त्या परक्या होत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे, तथागतांनी तो प्रश्न चार भिंतींत मिटवला नाही, सभेपुढे आणला. आपली सभा कोणती? हाच विहार. म्हणून विहाराच्या पायरीवर कोणी म्हातारं माणूस रोज रात्री उशिरापर्यंत बसत असेल, तर "हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे" म्हणून आपल्याला पुढे जाता येणार नाही.

बंधू-भगिनींनो, नवराबायकोचं नातं उतारवयात कसं असावं याचंही उदाहरण बुद्धवचनात आहे. नकुलपिता आणि नकुलमाता हे म्हातारं जोडपं. नकुलपिता फार आजारी पडला. नकुलमातेला कळलं की याचा जीव काळजीत अडकलाय. ती रडत बसली नाही. ती म्हणाली, मनात घोर ठेवू नका. मला सूत कातता येतं, लोकर पिंजता येते. मुलांना मी सांभाळीन. तिने धीर दिला आणि नकुलपित्याला उतार पडला. तो काठी टेकत तथागतांकडे गेला तेव्हा तथागतांनी त्याला सांगितलं, अशी पत्नी मिळाली हा तुझा मोठा लाभ आहे. याच नकुलपित्याला तथागतांनी दुसऱ्या एका वेळी उपदेश केला होता, की शरीर आजारी असलं तरी मन आजारी होऊ द्यायचं नाही, याचा सराव कर.

हे कसं करायचं ते बाबासाहेबांकडे पाहून शिकावं. मधुमेहाने शरीर पोखरलं होतं, पाय दुखत, डोळ्यांना त्रास होता, तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. आणि एवढ्या रगाड्यात हा महापुरुष व्हायोलिनही शिकला! मग आपण "आता या वयात काय शिकायचं?" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आपल्या मंडळातल्या एका आजीने पासष्टीनंतर नातीकडून सही शिकली. बँकेत अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही केली, त्या दिवशी तिने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. सही थोडी वाकडी आली होती, पण पेढे गोड होते.

असे लहान आनंद आपल्या घरांत पुष्कळ आहेत, फक्त ओळखता आले पाहिजेत. २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी.चा प्रवास फुकट झाला, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या बहिणी वर्षांनी एकमेकींना भेटल्या. नातवाला शाळेत नामांतराच्या लढ्यावर बोलायचं असतं आणि आजोबा सांगतात, "१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्याच्या आधी आम्ही किती मोर्चे काढले माहीत आहे का?" तेव्हा त्या म्हाताऱ्या डोळ्यांत जी चमक येते ती औषधाने येत नाही. नातवंडांनो, मोबाईल थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आजीआजोबांना विचारा. त्यांच्याजवळ जे आहे ते अजून कोणी लिहून घेतलेलं नाही.

शेवटी तीन सूचना समितीपुढे ठेवते.

पहिली, सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर कष्ट करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचे ठसे यंत्र ओळखत नाही. २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही हा दाखला देण्याची सोय झाली आहे. आपल्या तरुणांनी एका रविवारी विहारात बसून हे काम करून द्यावं.

दुसरी, महिन्यातल्या एका पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास ज्येष्ठांनी बोलावं आणि तरुणांनी लिहून घ्यावं.

तिसरी, महिला मंडळाने आणि समितीने मिळून पाच जणांचा गट करावा. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं पडलंय तिथे या गटाने जावं. भांडायला जाऊ नये, चहा प्यायला जावं. चहा पिता पिता पुष्कळ गोष्टी समजतात आणि पुष्कळ सुटतात.

धम्मबांधवांनो, पूर्व दिशेला सूर्य उगवतो आणि तथागतांनी आईवडिलांना पूर्व दिशा म्हटलं आहे. आज घरी गेल्यावर त्या दिशेकडे तोंड करून दोन शब्द बोला. "जेवलात का?" एवढं विचारलं तरी पुरे.

 

नमो बुद्धाय! जय भीम!