लाल चिखलाचे काँक्रीट

४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत आयका गावाजवळ अ‍ॅल्युमिना कारखान्याच्या तलावाचा बांध फुटला. लाल चिखलाच्या लोंढ्याने १० बळी घेतले. बॉक्साइटवर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केल्यावर उरणारा हा गाळ. त्यातला अल्कली कातडी जाळतो. पण जिओपॉलिमर काँक्रीटला नेमका अल्कलीच हवा असतो. वीजकेंद्राच्या राखेतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळवून तो त्यांचे घट्ट जाळे विणतो. सिमेंटसारखी चुनखडी भाजावी लागत नाही. अर्थात चिखलातला बराच सोडा खनिजांत अडकलेला असतो, म्हणून वरून घालावाच लागतो. (फुकट काहीच मिळत नाही!)

माझा आग्रह एकच. आर्सेनिक, क्रोमियम पाण्यात किती झिरपतात ते वर्षानुवर्षे मोजा. तोवर गरिबांच्या घरांना या विटा नकोत. आधी कारखान्याच्याच आवारातले रस्ते करा.