यजमानपदाचा प्रस्ताव : शब्द आणि पत



पाहुण्याला आवतण धाडण्यापूर्वी घरधनी आपले अंगण सारवून घेतो. मोठ्या क्रीडास्पर्धेचे यजमानपद मागणाऱ्या प्रस्तावाचे मर्म याच साध्या रीतीत सामावले आहे.

नोव्हेंबर 2003 मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्ली आणि कॅनडातील हॅमिल्टन यांच्यात मतदान झाले. भारताने 72 सदस्य संघटनांपैकी प्रत्येकीस खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी एक लाख डॉलर देऊ केले होते. दिल्ली 46 विरुद्ध 22 मतांनी जिंकली. पुढे भारतीय खेळाडूंनी 101 पदकांची कमाई केली खरी. परंतु रेंगाळलेली कामे, मुख्य स्टेडियमजवळ कोसळलेला पादचारी पूल आणि गैरव्यवहाराचे आरोप यांनी त्या पराक्रमावर सावट आणले. मते मिळाली, पत गमावली.

लंडनचा मार्ग वेगळा होता. 6 जुलै 2005 रोजी सिंगापूर येथे त्याने पॅरिसवर 54 विरुद्ध 50 मतांनी मात करून 2012 चे ऑलिंपिक मिळवले. त्याच्या शिष्टमंडळात पूर्व लंडनमधील 30 शाळकरी मुले होती. स्पर्धा संपल्यावर मैदाने कोणाच्या कामी येणार, या प्रश्नाचे उत्तरच जणू सभागृहात हजर होते.

असेच उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीपाशीही आहे. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. डिसेंबर 2023 मध्ये बल्लारपूरजवळील विसापूरच्या क्रीडासंकुलात 19 वर्षांखालील राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. तालुक्याच्या ठिकाणी देशभरातील मुले येऊन धावली, ही गोष्ट शंभर विशेषणांपेक्षा वजनदार आहे.

म्हणूनच पुढील प्रस्ताव लिहिताना पहिल्या पानावर ताडोबाच्या वाघाचे गुणगान करण्याचा मोह आवरावा. निवड समितीला हवी असतात रोकडी उत्तरे. खेळाडू कसा पोहोचेल? दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील बल्लारशाह स्थानकाने. तो राहील कोठे, जेवेल काय, जखमी झाल्यास किती मिनिटांत रुग्णालयात जाईल? प्रत्येक उत्तरापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि खर्चाचा आकडा असावा.

उणिवाही लपवू नयेत. चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांपलीकडे जातो. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. या गोष्टी आपणच सांगून डिसेंबर-जानेवारीचे वेळापत्रक सुचवावे. दोष आधीच मान्य करणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास बसतो.

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. 2036 च्या ऑलिंपिकसाठी भारताने 2024 मध्ये इरादापत्र दिले आहे. त्या महायज्ञाच्या समिधा जिल्ह्याजिल्ह्यांतूनच जमतील. गडचिरोली 1982 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे कित्येक वर्षे वृत्तपत्रांतून त्याचे नाव भूसुरुंग आणि चकमकी यांच्याच संदर्भात आले. त्या मातीतील मुलगी धावपट्टीवर उभी राहील आणि देश तिचे गाव विचारील, तो दिवस आणायचा आहे.

प्रस्तावाचे शेवटचे पान त्या मुलीसाठी राखून ठेवावे. पाहुणे परतल्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानाचे फाटक तिच्यासाठी कोण उघडणार, एवढे त्यावर नि:संदिग्ध लिहिलेले असावे.