कारण काय सांगायचं?

(पाचोड येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आज मला 'महिला सक्षमीकरण' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. या विषयावर तुम्ही इतकी भाषणं ऐकली आहेत की माझ्याऐवजी तुमच्यातली कुणीही उभी राहिली तरी चालेल. म्हणून मी दुसरंच बोलणार आहे. शहरात गाणं ऐकायला जायचं, चांगलंचुंगलं खायचं, रात्री तिथेच राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, याबद्दल. हसू येतंय ना? गटाच्या बैठकीत मी हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हाही असंच हसू आलं होतं.

झालं असं. माझी एक मामेबहीण जपानमध्ये ओसाका शहरात नोकरीला आहे. तिचा फोन आला. एका शनिवारी ती बुलेट ट्रेनने फुकुओका नावाच्या शहरात जाऊन आली. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, अडीच तासांचा प्रवास. आपल्याला इथून मुंबई गाठायला अख्खी रात्र लागते! तिथे संध्याकाळी तिच्या आवडत्या गायकांचा मोठा कार्यक्रम होता. हजारो पोरी, बहुतेक परगावहून आलेल्या. रात्री लॉजवर राहिली. रविवारी रांगेत उभी राहून रामेन खाल्लं. रामेन म्हणजे गरम रश्शातल्या शेवया. फुकुओकाचा रस्सा डुकराची हाडं तासन्‌तास उकळून करतात. तिथे काही दुकानांत एकट्या माणसासाठी दोन्ही बाजूंनी लाकडी आडोसा घातलेली बसायची जागा असते. एकटी बाई येऊन जेवते, कुणी वळून बघत नाही. सोमवारी सकाळी ही कामावर हजर. कार्यक्रमासाठी असं दुसऱ्या शहरात जाण्याला तिकडे बोलण्यात 'एन्सेई' म्हणतात. एन्सेई म्हणजे मोहीम, स्वारी. आपल्याकडे मोहिमेवर मावळे जातात, तिकडे गाणं ऐकायला पोरी जातात.

हे मी बैठकीत सांगितलं. डुकराच्या रश्शाला सगळ्यांनी नाकं मुरडली. मग प्रश्न सुरू झाले. "कुणासंगं गेली?" एकटीच. "मग हापिसचं काम असंल तिथं." नाही, काही काम नव्हतं. "नवरा?" तिने लग्न केलेलं नाही. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या एकीने विचारलं, "पर कारण काय सांगितलं म्हणावं तिनं?" मी म्हटलं, कुणाला? तर त्या बाईला उत्तर सुचेना, आणि मलाही पुढे काही बोलवेना.

बायांनो, आपलं सगळं घोडं इथे अडलंय. आपल्याला कुठे जायचं तर कारण लागतं. दवाखाना हे कारण आहे. माहेरी कुणी आजारी असणं हे कारण आहे. लग्न, मयत, बँकेत अंगठा द्यायचा, पोराची शाळा, बाजार, ही कारणं आहेत. देव तर फार मोठं कारण. पैठणला नाथषष्ठीला आपल्यातल्या किती जणी जातात! फाल्गुनातलं ऊन डोक्यावर घेऊन, दिंडीत टाळ वाजवत, रस्त्याने फुगड्या खेळत, वाळवंटात पंगतीला बसून जेवत. रात्री परगावी मुक्काम असतो, भजन-भारूड असतं, खाणंपिणं असतं. माझी मामेबहीण करून आली तेच की हे! फक्त तिथे नाथांचं नाव असतं म्हणून घरचे सोडतात. मला वारीची टिंगल करायची नाही. उलट आपल्या आज्या-पणज्यांनी शेकडो वर्षं देवाच्या नावाखाली चार दिवस मोकळा श्वास घेतला, हे त्यांचं शहाणपण होतं असंच मी मानते.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर' नावाचं पुस्तक लिहिलं. मुंबईसारख्या शहरातही बाई रस्त्यावर असते ती कामासाठी चालल्यासारखी, असं त्यांनी दाखवून दिलं. हातात पिशवी, कानाला फोन, पाय भरभर. नुसतीच उभी राहिली तर ती 'तसली' ठरते. मुंबईची ही कथा, मग पाचोडच्या स्टँडवर नुसतं उभं राहून दाखवा बरं.

सरकारसुद्धा आपल्याला कारणाशिवाय मोजत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारतात की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीने जायला तुम्हाला मुभा आहे का? २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या शंभरातल्या फक्त ४२ जणींना या तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा होती. आकडा वाईट आहेच. पण मला जास्त लागला तो प्रश्न. बाजार घरासाठी, दवाखाना बहुतेक वेळा पोरांसाठी. गाण्याला, सिनेमाला, तळ्याकाठी बसायला जाता का, हे त्या यादीत नाहीच. दुसरी पाहणी आहे वेळेच्या वापराची, २०२४ ची. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवते आणि पुरुष ८८. ही सरासरीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच बरं का. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत.

तर त्या बैठकीनंतर आमचं ठरलं की आपणही एक मोहीम काढायची. जपान नको, आपलं छत्रपती संभाजीनगर बरं. फेब्रुवारीत तिथे एका मैदानावर सिनेमातल्या गाण्यांचा कार्यक्रम होता. अकरा बाया आणि त्यांच्यातल्या दोघींच्या मुली, अशा तेरा जणी निघाल्या, चौदावी मी. बचत गटाच्या पैशाला हात लावला नाही. तो कर्जासाठी असतो. वेगळी भिशी केली, महिन्याला पन्नास रुपये. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मोठा आधार. मधे जानेवारी २०२५ मध्ये भाडं वाढलं, तरी अर्ध्याचं अर्धंच राहिलं. आमच्यात एक शहात्तर वर्षांची आजी होती. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, त्यामुळे कंडक्टरने तिला शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं. ते तिने कनवटीला जपून ठेवलं. आडूळ मागे पडेपर्यंत सगळ्या गप्प होत्या. जणू कुणीतरी मागून गाडी थांबवायला येईल. मग एकीने मोबाइलवर गाणं लावलं.

बहुतेकींनी भाकरी-ठेचा बांधून आणला होता. सवय जात नाही. पण ठरलं होतं की एक तरी जेवण विकत, आयतं, गरम, आणि आपण बसलेल्या असताना दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं. आमच्या गटातल्या दोन मुसलमान मैत्रिणींनी नान-कलियाचा आग्रह धरला. मटणाचा पिवळसर तांबूस रस्सा आणि भट्टीतला मऊ नान. तुघलकाच्या फौजेबरोबर हे जेवण देवगिरीला आलं असं म्हणतात. दुकानाच्या दारातच पोऱ्याने विचारलं, "फॅमिली आहे का?" म्हणजे पडद्यामागे बसायचं का. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. चौदा बायका म्हणजे फॅमिली की नाही, हे त्यालाही कळेना. शेवटी बाहेरच, बाप्यांच्या शेजारच्या टेबलांवर बसलो. माळकरी होत्या त्यांनी आपली भाकरी सोडली, आणि गुलमंडीवर गेल्यावर इमरतीवर सगळी कसर भरून काढली. एक जण म्हणाली, "ताई, लग्न झाल्यापासून मी पहिला घास गरम खाल्ला नव्हता." हे ती रडत सांगत नव्हती. तोंडात घास होता.

आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याच पाहणीतला ५४ टक्क्यांचा आकडा आहे. गोळ्या वाटून तो कमी व्हायचा तेवढा होईल. पण शेवटी उरलेलं, गार झालेलं खायचं, ही रीत कुठल्या गोळीने जाणार?

कार्यक्रमाचं मी फार सांगत नाही. आम्ही मागे उभ्या होतो, गायक नखाएवढा दिसत होता, आवाज मात्र छातीत घुमत होता. एक गोष्ट सांगते. आपलं गाणं कायम कामाला जुंपलेलं असतं. दळताना ओवी, पोराला निजवताना अंगाई, निंदणीला गाणी. हात चालू, तोंड चालू. नुसतं ऐकायचं म्हटल्यावर आमच्यातल्या एकीला हातांचं काय करावं ते समजेना. ओट्यात शेंगा होत्या त्या सोलत राहिली. तिसऱ्या गाण्याला शेंगा संपल्या. चौथ्याला ती टाळ्या वाजवायला लागली. आणि मैदानावर आमच्यासाठी धड मुतारी नव्हती, हेही सांगायलाच हवं. दुपारपासून बायकांनी पाणी पिणं सोडलं होतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाने संघटनांनी याच हक्कासाठी मोहीम चालवली. बाई घराबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहणार, हे मैदान आखणाऱ्यांच्या डोक्यातच नसतं.

खरी परीक्षा रात्री झाली. एका लॉजवर फोन करून खोल्या सांगून ठेवल्या होत्या. साडेअकराला पोचलो तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "सोबत जेन्ट्स कोण आहेत?" कुणी नाही. "मग जबाबदार माणूस कोण? नुसत्या लेडीजला आम्ही देत नाही." मैत्रिणींनो, बायकांना खोली देऊ नये असा या देशात कुठलाही कायदा नाही. मी तेच बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात आमच्यातली एक पुढे झाली. तिने पाच वर्षं गावाचं सरपंचपद सांभाळलंय. म्हणाली, "माझ्या सहीनं गावाला रस्ता आला, पाणी आलं. एका खोलीला माझी सही चालत न्हाई व्हय?" तो हसला. वाईट नव्हता तो, पण खोली दिली नाही. पंचायतीतल्या जागा बायकांसाठी १९९३ मध्ये एक तृतीयांश राखीव झाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या आहेत. लॉजच्या गल्ल्यापर्यंत तो कायदा अजून आलेला नाही. रात्री एका सहकारी मैत्रिणीच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने झोपलो. झोपलो म्हणजे काय, तीन वाजेपर्यंत कुणी झोपलंच नाही.

आता परत आल्यानंतरचं. दोन मुली होत्या म्हणाले, त्यातली एक सतरा वर्षांची, बारावीला. तिच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. पाहुण्यांच्या कानावर गेलं की पोरगी रात्री शहरात गाण्याला होती. निरोप आला, खरं का? बापाने घरात आकाशपाताळ एक केलं. आईला म्हणाला, सांग की ती मावशीकडे दवाखान्याला गेली होती. बघा, पुन्हा कारण! आईने निरोप धाडला, "मीच नेली होती. गाणं ऐकायला नेली होती." पाहुणे पुन्हा आले नाहीत. बाप महिनाभर बायकोशी बोलला नाही, अजून जेवताना ताटाकडेच बघतो. या घराचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. मुलगी आज परीक्षेचा अभ्यास करते आहे, एवढं खरं. त्याच पाहणीप्रमाणे राज्यात विशीतल्या शंभर मुलींपैकी बावीस जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती. आपल्या शेजारच्या बीडमध्ये हाच आकडा चव्वेचाळीसच्या घरात होता. आईबाप कायद्याला भितात त्याहून जास्त 'नाव खराब होईल' याला भितात. पोरगी कुठे दिसली, कुणाबरोबर दिसली, या भीतीपोटी शाळा सुटते. म्हणून मला गाण्याला जाणं आणि बालविवाह हे दोन वेगळे विषय वाटत नाहीत.

कुणी म्हणेल, इथे कापसाला भाव नाही, विहिरी आटल्या, आणि या बाईला गाणी सुचतात. हे चोचले शहरातल्या बायांचे. मला याचा राग येत नाही, दुष्काळ मीही पाहते. पण त्याच दुष्काळात जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो, तमाशाचा तंबू उभा राहतो, स्टँडवर रात्री अकरापर्यंत चहा चालतो. तिथे बसलेल्या बाप्याला कापसाचा भाव कुणी विचारत नाही.

जपान म्हणजे स्वर्ग आहे असंही समजू नका. तिथेही घरकामाचा भार बायकांवरच जास्त आहे, आणि तिथेही गाड्यांना बायकांचा वेगळा डबा लावावा लागतो. पण तिथे ताकाराझुका नावाच्या गावात १९१४ पासून एक संगीत नाटकमंडळी चालते. त्यात पुरुषांच्या भूमिकासुद्धा बायकाच करतात, आणि बघायला येणाऱ्याही बहुतेक बायकाच. दूरदूरहून गाडीने येतात, डबा खातात, नाटक बघतात, जातात. शंभर वर्षांत त्याची रीत पडून गेली. आपल्याकडेही हिराबाई बडोदेकरांनी गाणं बैठकीतून तिकिटाच्या सभागृहात आणलं, तेव्हा कुठे साध्या घरातल्या बायका गाण्याला जाऊन बसू लागल्या. कुणीतरी आधी जावं लागतं.

पुढची मोहीम दिवाळीनंतर आहे. भिशी पन्नासच. लॉजला या वेळी आधी लेखी विचारणार आहोत, आणि नकार दिला तर तोही लेखी मागणार आहोत. दोन दिवस घरी चूल कोण पेटवणार हे ज्याने त्याने आपापल्या घरात ठरवायचं. मागच्या वेळी एका घरी नवऱ्याने पिठलं केलं, मीठ विसरला, पण जिवंत आहे. नावं आज माझ्याकडे द्या. आजीने आपलं नाव आधीच दिलंय. तिची अट एकच, या वेळी बसायला खुर्ची पाहिजे.