दातावरचं कीटण
(धनज येथील ग्रामसंघाच्या सभेत आरोग्य सखीने केलेलं भाषण)



हापशीचं पाणी रोज तापवलं की गंजाला आतून पांढरा थर धरतो. सुरुवातीला तो घासून निघतो, मग घट्ट बसतो. दातांचंही तसंच आहे.

दातांवर रोज जंतूंचा मऊ, चिकट थर बसतो. घासला की जातो. राहिला, तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि काही दिवसांतच त्याचं दगडासारखं कीटण होतं. जिभेखालून लाळ येते, म्हणून खालच्या पुढच्या दातांना आतून ते जास्त साचतं. जीभ फिरवून बघा, खरबरीत लागतं का?

हेच कीटण हिरडीखाली सरकतं. हिरडी सुजते, रक्त येतं, दात धरून ठेवणारं हाड झिजतं. मग न किडलेला दातही हलतो. बरेचदा दुखत नाही, म्हणून आपण अंगावर काढतो.

रक्त आलं म्हणून घासणं सोडू नका. मिश्री, गुल तर नकोच. तो तंबाखूच आहे, त्याने कॅन्सरचा धोका वाढतो. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं, एवढं पुरे.

जमलेलं कीटण पिनेने खरवडू नका, दातांच्या डॉक्टरकडूनच काढून घ्या. ‘साफ केल्याने दात हलतात’ हे खरं नाही. कीटणामागे लपलेली फट तेवढी दिसू लागते.

पुढच्या सभेत बचतीचा हिशेब झाला की मी एकच विचारीन: ताई, रात्री दात घासले का?