बाजाराची वाट बंद करू नका

(इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशिम येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता घरगुती आहे. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला विस्मरणाचा आजार जडला असेल, तर तिला बाजारात कसे न्यावे आणि तेथे अडचण उद्भवल्यास कसे सांभाळावे, हा तो विषय होय. परंतु बाजार साऱ्या गावाचा असतो. म्हणूनच हा प्रश्न एका कुटुंबापुरता न राहता ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्याही विचाराचा होतो.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे आणि ‘म्हातारचळ’ असा शब्दही आहे. म्हातारपणी असे व्हायचेच, या समजुतीने आपण आजाराकडे दुर्लक्ष करीत आलो आहोत. वास्तविक स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन जर्मन वैद्य आल्झायमर यांनी १९०६ साली केले व त्यांचेच नाव त्या आजारास मिळाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे सात व्यक्तींना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना, हा विकार आहे; आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

हा आजार पुष्कळदा प्रथम बाजारात लक्षात येतो. सौदा करणे, हिशेब जुळवणे, घरात काय संपले आहे ते ध्यानात ठेवणे आणि आल्या वाटेने परतणे ही कामे एकाच वेळी करावी लागतात. नव्या घटनांची नोंद ठेवणारा मेंदूचा भाग आधी दुर्बळ होतो. जुन्या आठवणी मात्र दीर्घकाळ टिकतात. आज ऐंशी वर्षांच्या असलेल्या व्यक्तीने बालपणी आणे मोजले. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. पुढे शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि आता तर दुकानदाराच्या फळीवरील चौकोनी खुणेपुढे मोबाइल धरला की पैसे पोहोचतात. अशा वेळी आबाजींनी “तुरीच्या डाळीला एवढे पैसे? लुटता काय?” असे दरडावून विचारले, तर ते कालच्या भावाशी आजचा भाव ताडून पाहत असतात, एवढेच. त्यांच्याशी वाद घालून काहीही साध्य होत नाही.

अशा प्रसंगानंतर बहुतेक घरांत निर्णय होतो : “यापुढे त्यांना बाहेर न्यायचे नाही.” काळजीपोटी घेतलेला हा निर्णय अनेकदा हानिकारक ठरतो. चालणे थांबते, ओळखीचे चेहरे दिसेनासे होतात, आणि ज्याने चाळीस वर्षे घरासाठी बाजार केला, त्याच्या हातून पिशवीही जाते. जोपर्यंत शक्य आहे तोपर्यंत बाजाराची वाट बंद करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी थोडी पूर्वतयारी मात्र हवी.

बाजारात गर्दी होण्यापूर्वी, सकाळी लवकर निघावे. तीन-चार जिनसांचीच यादी मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हाती द्यावी. दहा-वीसच्या नोटा द्याव्यात. मोठी रक्कम आपल्यापाशी ठेवावी. निघण्याआधी लघवीला जाऊन येण्यास सांगावे. चष्मा व कानाचे यंत्र असल्यास ते घालावे. सदऱ्याच्या खिशात नाव, गाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. दुकानात “कोणती भाजी घ्यायची?” असे विचारण्याऐवजी “मेथी घेऊ की पालक?” असे विचारावे. “आठवत नाही का?” हा प्रश्न तर कटाक्षाने टाळावा.

एवढे करूनही अडचण येईल. त्यांनी तीच वस्तू दुसऱ्यांदा घेतली, तर चारचौघांत चूक काढू नये. मागाहून ती परत करता येते. पैसे न देता वस्तू पिशवीत टाकली, तर नातेवाइकाने शांतपणे पैसे चुकते करावेत. दुकानदारानेही ओरडू नये. जेथे चोरीचा हेतू नाही, तेथे चोरी नाही. गोंगाटाने त्या बावरल्या, तर सावलीत बसवून पाणी द्यावे आणि उरलेला बाजार सोडून घरी परतावे. आपल्या मानोरा तालुक्यात बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. आयुष्यभर उत्तम मराठी बोललेली एखादी आजी या आजारात केवळ गोरमाटीत बोलू लागली, तर तो हट्ट समजू नये. पुष्कळदा मातृभाषाच शेवटपर्यंत साथ देते.

सर्वांत मोठे भय व्यक्ती हरवण्याचे असते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले एक विद्वान शास्त्रीबुवा रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे जातात आणि हरवतात. त्यांना आधार मिळतो तो माहुताच्या गरीब बायकोचा. तिला आजाराचे नावही ठाऊक नसते. पण लेकराला जपावे तसे ती त्यांना जपते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेसारख्या गर्दीत किंवा कारंज्याच्या बाजारपेठेत आपल्या गावची व्यक्ती चुकली, तर तिलाही असाच कोणीतरी अनोळखी माणूस भेटायला हवा. मात्र नशिबावर विसंबून राहू नये. चोवीस तास थांबावे लागते, हा समज चुकीचा आहे. तत्काळ ११२ क्रमांकावर कळवावे. जुने शेत, जुने घर, माहेरची वाट आणि एसटीचा थांबा येथे आधी शोध घ्यावा. अलीकडचे छायाचित्र घरात तयार असावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. प्रत्येक विस्मरण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचे खिन्नपण किंवा काही औषधे यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात व आवश्यक तेव्हा जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हे क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहेत. शिवाय या साऱ्याचा भार बहुधा घरातील एकाच सुनेवर किंवा लेकीवर पडतो. आठवड्यातून एकदा बाजाराला सोबत जाण्याचे काम दुसऱ्या कोणी पत्करले, तरी तिला मोठा आधार होईल.

पंचायत सदस्यांना माझी सूचना आहे की, बाजाराच्या जागी सावलीत एक बाक आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावी. तसेच दुकानदारांची एक बैठक घेऊन, घरच्यांच्या संमतीने, अशा व्यक्तींची त्यांना कल्पना द्यावी. गुरुजनांनी २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनी मुलांना हा विषय सांगावा. ‘वेडा आजोबा’ म्हणून मागे धावणारी मुले आणि हात धरून घरी पोहोचवणारी मुले ही दोन्ही आपल्याच गावची असतात. त्यांना कोणते वळण लागावे, हे आपल्या हाती आहे.

उद्या एखाद्या आजीने तुमच्या दुकानापुढे उभे राहून तोच भाव तिसऱ्यांदा विचारला, तर तिसऱ्यांदाही तो नीट सांगा. ही साधी गोष्ट गावाने अंगीकारली, तर ती आजी पुढच्या बाजारालाही येऊ शकेल.